वेबपृष्ठावरील बदलते बटण : रचना, कृती व शालेय उपयोग

गावातील किराणा दुकानाच्या उंबऱ्याशी गिऱ्हाईक येऊन उभे राहिले, की दुकानदार वहीवरची नजर वर उचलतो. गिऱ्हाइकाने अद्याप काही मागितलेले नसते व दुकानदारानेही काही दिलेले नसते. तथापि 'आपणाकडे लक्ष आहे' एवढे त्या नजरेने कळते. मागणी झाल्यावरच माल तराजूत पडतो. संगणकाच्या पडद्यावरील ज्या बटणास इंग्रजीत 'रोलओव्हर' बटण म्हणतात, त्याचे कार्य असेच दोन पायऱ्यांचे आहे. माऊसचा बाण बटणावर येताच त्याचा रंग किंवा चित्र बदलते. ही झाली दुकानदाराची नजर. बाण तेथेच ठेवून कळ दाबली, की नवे पृष्ठ उघडते. हा झाला व्यवहार.

प्राथमिक शाळांतून संगणक व प्रक्षेपक आल्यापासून अनेक शिक्षक स्वतःचे पाठ वेबपृष्ठाच्या रूपाने तयार करू लागले आहेत. अशा पाठात बदलते बटण योग्य रीतीने वापरल्यास मुलांचे लक्ष वेधले जाते. अयोग्य रीतीने वापरल्यास पाठातील महत्त्वाचा भाग काही मुलांना कधीच दिसत नाही. म्हणून ह्या बटणाची घडण, ते तयार करण्याची कृती व त्याच्या मर्यादा यांचा क्रमाने विचार करणे इष्ट आहे.

१. बटण बदलते म्हणजे नेमके काय होते

पडद्यावरील चित्र लहान लहान बिंदूंचे बनलेले असते. ह्या बिंदूस पिक्सेल म्हणतात. प्रत्येक बिंदूचे स्थान दोन अंकांनी सांगता येते : डाव्या कडेपासूनचे अंतर व वरच्या कडेपासूनचे अंतर. आलेखाच्या कागदावर आरंभबिंदूपासून वर जाताना अंक वाढत जातात. पडद्यावर मात्र आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असून खाली येताना अंक वाढतात. हा फरक शिक्षकांनी प्रथमच ध्यानात ठेवावा, कारण पुढील कृतीत त्याची गरज पडेल.

माऊस हलला, की ब्राउझर बाणाचे स्थान पाहतो व ते कोणत्या चौकटीत पडते हे तपासतो. समजा, एखादे बटण डावीकडून १०० ते ३४० आणि वरून ५० ते १३० एवढ्या जागेत आहे. बाणाचे स्थान २०० व ९० असल्यास तो बटणाच्या आत आहे. ४०० व ९० असल्यास बाहेर आहे. बाण आत आल्याचे आढळताच ब्राउझर बटणाची दुसरी अवस्था दाखवितो व बाहेर जाताच पहिली अवस्था परत आणतो. यात गूढ असे काही नाही; पाचवीच्या मुलासही पाटीवर चौकट काढून हे समजाविता येईल.

बटणाच्या मुख्य अवस्था चार होत. कोणीही जवळ नसतानाची साधी अवस्था ही पहिली. बाण वर आला असतानाची 'होव्हर' अवस्था ही दुसरी. कळ दाबून धरली असतानाची अवस्था ही तिसरी. चौथी अवस्था पुष्कळदा विसरली जाते : माऊस न वापरता कळफलकावरील टॅब कळ दाबीत बटणापर्यंत येता येते, त्या वेळची 'फोकस' अवस्था. ज्याचा हात माऊसवर स्थिर राहत नाही, त्याला हीच अवस्था उपयोगी पडते.

२. थोडा पूर्वेतिहास

माऊस हे साधन डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीर प्रयोगाने दाखविले. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली. आरंभीची वेबपृष्ठे छापील पुस्तकाच्या पानासारखी अचल असत. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली आणि १९९६ च्या नेटस्केप नॅव्हिगेटरच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या भाषेच्या साह्याने पृष्ठावरील एक चित्र काढून त्या जागी दुसरे ठेवणे शक्य झाले. बदलत्या बटणाचा प्रसार तेथून झाला.

पुढे १९९८ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीचे फायरवर्क्स व ॲडोबी कंपनीचे इमेजरेडी ही चित्रप्रणाली बाजारात आली. फायरवर्क्समध्ये बटणाच्या प्रत्येक अवस्थेसाठी वेगळे पान असे. कलावंताने चित्रे काढली, की अदलाबदलीची आज्ञावली प्रणाली स्वतःच लिहून देई. ही सोय मोठी होती; परंतु ती फार काळ टिकली नाही. २००५ अखेर मॅक्रोमीडिया ॲडोबीच्या हाती गेली, २००७ पासून इमेजरेडी बंद झाले आणि २०१३ मध्ये फायरवर्क्सचा विकास थांबविण्यात आला. फ्लॅश पद्धतीने बनविलेली बटणेही त्या काळी लोकप्रिय होती. त्या पद्धतीस मिळणारे पाठबळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले. शाळांच्या कपाटांतील कित्येक जुन्या शैक्षणिक तबकड्या आज उघडत नाहीत, याचे हे एक कारण होय.

यातून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध असा, की पाठ ज्या साधनावर उभारावयाचा ते कोण्या एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसावे. १९९८ मध्येच सीएसएस ह्या पृष्ठसजावटीच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत 'होव्हर'चा निर्देश समाविष्ट झाला होता. ही भाषा खुली असून आजच्या सर्व प्रमुख ब्राउझरांना समजते. चित्र काढण्यासाठी गिम्प व इंकस्केप ह्या प्रणाली विनामूल्य मिळतात. पुढील कृती याच साधनांवर आधारलेली आहे.

३. पाठाची निवड

साधन शिकताना विषय जवळचा असावा. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील उलवे परिसर उदाहरणादाखल घेऊ. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली व खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. उलवे येथील भातशेती, मासेमारी व खाडीकाठचे जीवन तेव्हापासून पालटत गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल गाडी आली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली.

ह्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापून सपाट करण्यात आला व उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा व वरचे ओवळे ह्या दहा गावांतील कुटुंबांना आपली जागा सोडून अन्यत्र वसावे लागले. आज पहिलीत बसणाऱ्या मुलाने यांपैकी आपले मूळ गाव पाहिलेले नसण्याचा संभव आहे. त्याच्या आजीने मात्र तेथे संसार केलेला असतो.

परिसर अभ्यासाच्या तासासाठी 'उलवे : आज व पूर्वी' असे एक पृष्ठ तयार करावयाचे आहे, असे धरून चालू. त्यावर चार बटणे असावीत : गाव, डोंगर, नदी व प्रवास. साध्या अवस्थेत बटणावर आजचे चित्र दिसावे; बाण वर येताच तेथे पूर्वीचे चित्र यावे. उदाहरणार्थ, 'प्रवास' ह्या बटणावर प्रथम विमान व मागाहून होडी. बटण दाबल्यावर त्या विषयाचे स्वतंत्र पान उघडावे.

४. चित्र तयार करण्याची कृती

प्रथम मापे ठरवावी. बटण २४० पिक्सेल रुंद व ८० पिक्सेल उंच घ्यावे. डावीकडील ८० पिक्सेलांचा चौरस चित्रासाठी व उरलेली १६० पिक्सेल रुंदी शब्दासाठी राखावी. दोन्ही अवस्था एकाच फाईलमध्ये एकीखाली एक ठेवावयाच्या असल्याने पूर्ण चित्राची उंची १६० पिक्सेल होईल.

गिम्प उघडून फाईल मेन्यूतील 'न्यू' निवडावे. रुंदी २४० व उंची १६० भरावी आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवावी. त्यानंतर आयत निवडण्याचे साधन घ्यावे. त्याच्या पर्यायांत स्थान व आकार ह्यांचे अंक टंकित करण्याची सोय असते. स्थान ० व ०, आकार २४० व ८० असे भरावे. कोपरे गोलसर हवे असल्यास तोही पर्याय तेथेच आहे. ह्या निवडीत फिकट रंग भरावा. नंतर स्थान ० व ८०, आकार पूर्वीचाच ठेवून दुसरा आयत निवडावा व त्यात थोडा गडद रंग भरावा. अंक टंकित केल्यामुळे दोन्ही आयत बिंदूबरहुकूम जुळतात. डोळ्यांच्या अंदाजाने ओढलेले आयत एखाद्या बिंदूने चुकतात आणि मग बटण बदलताना हिसका बसल्यासारखे दिसते.

प्रत्येक चित्र स्वतंत्र लेयरवर काढावे. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एकावरील चूक पुसताना दुसऱ्यास धक्का लागत नाही. वरच्या चौरसात विमान व खालच्या चौरसात होडी रेखाटावी. रेखाटन साधे, मोजक्या रेषांचे असावे. मुलांनी कागदावर काढलेली होडी मोबाईलने टिपून तेथे बसविल्यास अधिक चांगले. मात्र छायाप्रकाशाचे डाग आधी पुसून घ्यावे.

काम पूर्ण झाल्यावर गिम्पची मूळ फाईल जपून ठेवावी, कारण पुढे दुरुस्ती त्याच फाईलमध्ये करता येते. वेबपृष्ठासाठी 'एक्स्पोर्ट ॲज' ह्या आज्ञेने पीएनजी प्रकारची वेगळी प्रत काढावी. जेपीजी प्रकार छायाचित्रास योग्य आहे. परंतु त्यात पारदर्शकता राहत नाही व रेषांच्या कडा मळकट होतात. फाईलचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे. नाव देताना केलेली हेळसांड हे चित्र न दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण असते.

मोबाईलच्या दाट बिंदूंच्या पडद्यावर हे चित्र काहीसे पुसट वाटेल. तसे झाल्यास सर्व मापे दुप्पट घेऊन चित्र काढावे व पृष्ठावर ते निम्म्या मापात दाखवावे. इंकस्केपमध्ये काढलेले एसव्हीजी प्रकारचे चित्र रेषांच्या गणिताने साठविले जात असल्याने ते कितीही मोठे केले तरी फाटत नाही. साध्या आकृत्यांसाठी तो मार्ग उत्तम आहे.

५. चित्र व पृष्ठ यांची सांगड

आता पृष्ठावर 'प्रवास' हा शब्द साध्या मजकुरातील दुवा म्हणून लिहावा व सीएसएसमध्ये त्यास पुढील सूचना द्याव्या. दुवा हा स्वभावतः ओळीतील शब्दाप्रमाणे वागतो व रुंदी-उंची मानीत नाही. म्हणून त्यास प्रथम 'इनलाइन-ब्लॉक' म्हणून घोषित करावे. नंतर रुंदी २४० व उंची ८० द्यावी. पार्श्वभूमी म्हणून तयार केलेले चित्र जोडावे. शब्द चित्रावर चढू नये म्हणून डावीकडे ८० पिक्सेल मोकळी जागा सोडावी. ही मोकळी जागा रुंदीतच धरावी असेही सांगावे लागते. न सांगितल्यास २४० मध्ये ८० मिळून बटण ३२० पिक्सेल रुंद होते आणि शेजारचे बटण खालच्या ओळीत ढकलले जाते.

बटण म्हणजे जणू ८० पिक्सेल उंचीची खिडकी व तिच्यामागे १६० पिक्सेल उंचीचा पट. प्रारंभी खिडकीतून पटाचा वरचा अर्धा भाग दिसतो. 'होव्हर' अवस्थेत पट ८० पिक्सेल वर सरकवावा, की खालचा अर्धा भाग खिडकीत येतो. वरच्या दिशेने अंक कमी होत असल्याने येथे उणे ८० लिहावे लागते. आरंभी सांगितलेला फरक तो हाच. हीच सूचना 'फोकस' अवस्थेसही द्यावी, म्हणजे टॅब कळीने येणाऱ्यासही बदल दिसेल.

सूचनांचा क्रमही महत्त्वाचा आहे. समान वजनाच्या दोन सूचना परस्परविरुद्ध असल्यास सीएसएस नंतरची सूचना मानते. म्हणून साध्या अवस्थेची सूचना प्रथम, होव्हर व फोकस यांची त्यानंतर आणि कळ दाबल्याच्या अवस्थेची सर्वांत शेवटी लिहावी. क्रम उलटा झाल्यास काही वेळा अपेक्षित बदल दिसत नाही आणि चूक कोठे आहे हे शोधण्यात तास जातो.

दोन अवस्थांची दोन वेगळी चित्रे न ठेवता एकच पट का करावा, अशी शंका येईल. वेगळे चित्र असल्यास ब्राउझर पुष्कळदा ते बाण वर आल्यावरच मागवितो. जाळे संथ असेल तर तेवढा वेळ बटण रिकामे दिसते व मुलांस ते बिघडले असे वाटते. एकाच पटात दोन्ही चित्रे एकदम येऊन पडतात. ह्या युक्तीस 'स्प्राइट' म्हणतात व २००४ मध्ये डेव्ह शे यांच्या लेखाने ती वेबपृष्ठे तयार करणाऱ्यांत प्रसिद्ध झाली. ज्या शाळेत इंटरनेट नाही, तेथेही हा पाठ चालतो. पृष्ठ व चित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवून पेन ड्राइव्हवरून ब्राउझरमध्ये उघडावी.

६. नेहमी आढळणाऱ्या चुका

पहिली चूक मापाची. बाण येताच बटण मोठे होत असेल, तर शेजारचा मजकूर सरकतो व वाचणाऱ्याची ओळ चुकते. बटण लहान होत असेल, तर आणखी विचित्र प्रकार घडतो. बाण कडेजवळ असता बटण आक्रसते, त्यामुळे बाण बाहेर पडतो. बाहेर पडताच बटण पूर्ववत होते, त्यामुळे बाण पुन्हा आत येतो. परिणामी बटण सारखे लुकलुकत राहते. म्हणून सर्व अवस्थांचे माप एकच असावे.

दुसरी चूक केवळ रंगावर भिस्त ठेवण्याची. तांबडा व हिरवा यांतील भेद न कळणारी मुले असतात. ह्या दोषाचे बीज एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळतो. हिरवे बटण तांबडे होणे हा त्यांच्या दृष्टीने बदलच नव्हे. रंगाबरोबर चित्र, अधोरेखा किंवा जाड कड यांपैकी काही तरी बदलावे. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातही पुरेसे अंतर हवे. आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेने साध्या आकाराच्या अक्षरांसाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ असे ठरविले आहे. पिवळ्यावर पांढरी अक्षरे प्रक्षेपकाच्या उजेडात पुसून जातात.

तिसरी चूक देवनागरीची विशिष्ट घडण विसरण्याची. 'मूर्ती' ह्या शब्दात शिरोरेषेवर रफार व वेलांटी आहे आणि खाली ऊकार आहे. रोमन अक्षरांच्या मापाने उंची ठेवल्यास वरचा रफार किंवा खालचा ऊकार कापला जातो. अक्षरांत अंतर वाढविण्याची सोय देवनागरीत वापरू नये. शिरोरेषा तुटते व नवशिक्या वाचकास शब्द ओळखता येत नाही. मुक्त सारखे खुले युनिकोड टंक ह्या कामी उपयोगी पडतात.

चौथी चूक शब्दच चित्रात कोरण्याची. चित्रातील 'प्रवास' माणसाच्या डोळ्यास अक्षर वाटतो; संगणकास ते केवळ रंगीत ठिपके असतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यास पडदा वाचून दाखविणारी एनव्हीडीएसारखी प्रणाली तेथे गप्प राहते. म्हणूनच वरील कृतीत शब्द पृष्ठावर लिहिला व चित्र मागे ठेवले. काही कारणाने शब्द चित्रातच ठेवावा लागला, तर त्या चित्रास पर्यायी मजकूर अवश्य जोडावा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क सांगणारा २०१६ चा कायदा केवळ उतरंडी व चाकाच्या खुर्च्यांपुरता नाही. माहिती सर्वांस पोचावी हेही त्यात आले.

७. मोबाईलवरील अडचण

आता सर्वांत महत्त्वाच्या मर्यादेकडे वळू. वर्गातील संगणकास माऊस असतो. मुलाच्या घरी बहुधा वडिलांचा मोबाईल असतो. मोबाईलवर बाण नाही. बोट एक तर काचेवर टेकलेले असते किंवा नसते. 'वर येऊन थांबणे' ही मधली पायरी तेथे नाही. दुकानाच्या उपमेने सांगावयाचे, तर मोबाईलवरील गिऱ्हाईक उंबऱ्याशी थांबतच नाही. ते सरळ आत येऊन माल मागते. म्हणून मोबाईलवर होव्हर अवस्था एक तर दिसत नाही, किंवा बोटाच्या पहिल्या स्पर्शानंतर चिकटून राहते.

याचा परिणाम उलव्याच्या पाठात कसा होईल ते पाहावे. आजचे चित्र साध्या अवस्थेत आहे व पूर्वीचे चित्र होव्हर अवस्थेत. 'गाव' ह्या बटणावर आज इमारती दिसतात; वाघिवली, कोल्ही, चिंचपाडा ही नावे मात्र बाण आल्यावरच दिसावीत अशी रचना केली आहे, असे समजा. शाळेत शिक्षकांनी माऊस फिरविला व ती नावे सर्वांनी वाचली. सायंकाळी एका मुलीने तेच पृष्ठ मोबाईलवर उघडून आजीपुढे धरले. आजी आपल्या गावाचे नाव शोधते आणि पडद्यावर फक्त इमारती व विमान असते. पाठ ज्यासाठी केला, तीच गोष्ट ज्या घरात पोचावयास हवी होती तेथे पोचली नाही. गाव नकाशावरून एकदा उठले. पाठातूनही ते असे नकळत उठू नये, याची जबाबदारी पाठ तयार करणाऱ्याची आहे.

म्हणून नियम असा करावा : जे कळल्यावाचून पाठ अपुरा राहतो, ते होव्हर अवस्थेत कधीही लपवू नये. होव्हरने लक्ष वेधावे, शोभा आणावी, पुढे काय आहे याची चाहूल द्यावी. ज्ञान मात्र साध्या अवस्थेत किंवा दाबल्यानंतर उघडणाऱ्या पानावर असावे. वरील पृष्ठात दहाही गावांची नावे बटणांच्या खाली साध्या मजकुरात लिहावी. पूर्वीचे प्रत्येक चित्र आतील पानावर मोठ्या आकारात पुन्हा द्यावे. एवढे केले, की बाण नसलेल्यालाही काही उणे पडत नाही.

आजच्या सीएसएसमध्ये वापरणाऱ्याच्या साधनास होव्हर करता येते किंवा नाही हे विचारण्याची सोय आहे. ज्यास करता येते त्यालाच होव्हरची सूचना लागू करावी, म्हणजे मोबाईलवर चित्र चिकटून राहणार नाही. तसेच बोट हे बाणाइतके टोकदार नसते. मार्गदर्शिकेच्या २०२३ च्या आवृत्तीत स्पर्शाच्या जागेचे किमान माप २४ पिक्सेल लांबी-रुंदी असे सांगितले आहे; लहान मुलांसाठी ते पुष्कळ मोठे असावे व दोन बटणांत मोकळी जागा असावी.

८. वर्गातील उपयोग

हे काम शिक्षकांनी एकट्याने करून मुलांस दाखविण्यापेक्षा मुलांच्या सहभागाने करणे अधिक फलदायी होय. पहिल्या तासाला संगणकास हातही लावू नये. पुठ्ठ्याची २४ सेंटिमीटर रुंद व ८ सेंटिमीटर उंच खिडकी कापावी; तिच्यामागे १६ सेंटिमीटर उंचीची कागदी पट्टी ठेवावी. पट्टीच्या वरच्या भागात मुलांनी आजचे व खालच्या भागात पूर्वीचे चित्र काढावे. एका मुलाने बोट खिडकीवर आणताच दुसऱ्याने पट्टी वर सरकवावी. हा खेळ झाला, की संगणकावर काय घडते हे निराळे समजवावे लागत नाही.

दुसऱ्या तासापूर्वी मुलांनी घरी वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारून यावे : पूर्वी गावाच्या कोणत्या बाजूस पाणी होते, पनवेलच्या बाजारास कसे जात, आणि आज त्या जागी काय आहे. उत्तरे वहीत लिहून आणावी. कोणाचे छायाचित्र किंवा आवाज पृष्ठावर घालावयाचा असेल तर त्या व्यक्तीची संमती आधी घ्यावी. घर व शेत सोडावे लागल्याची आठवण सर्वांस सुखाची असतेच असे नाही. ज्यास सांगावयाचे नसेल त्यास आग्रह करू नये. तिसऱ्या तासाला चित्रे संगणकावर चढवावी व चौथ्या तासाला बटणे जुळवावी. मापे काढताना भूमिती, मुलाखतीत भाषा व नकाशात भूगोल यांचा अभ्यास ओघाने होतो.

उलवे हे केवळ उदाहरण आहे. धरणाखाली गेलेले गाव, रुंद झालेला घाटरस्ता, बंद पडलेली गिरणी अथवा शाळेचीच जुनी व नवी इमारत यांपैकी जो विषय आपल्या गावी असेल तो घ्यावा.

९. पाठ वापरण्यापूर्वीची पडताळणी

पृष्ठ पूर्ण झाल्यावर शिक्षकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतः पडताळून पाहावी.

(१) सर्व अवस्थांत बटणाचे माप एकच राहते काय?
(२) माऊस बाजूस ठेवून केवळ टॅब व एंटर कळीने सर्व पाने उघडता येतात काय?
(३) पृष्ठाचा करड्या रंगातील छाप काढल्यास अवस्थांतील भेद कळतो काय?
(४) 'मूर्ती'सारख्या शब्दाच्या मात्रा व ऊकार पूर्ण दिसतात काय?
(५) चित्रे असलेला फोल्डर क्षणभर बाजूस काढला, तरी बटणावरील शब्द वाचता येतो काय?
(६) साध्या मोबाईलवर, बोटाने, पाठातील प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दिसते काय?

सहावा प्रश्न शेवटी ठेवला असला तरी तो सर्वांत आधी विचारावा. त्याची परीक्षा शिक्षकांनी आपल्या मोबाईलवर करून भागत नाही. घडवणाऱ्यास बटणाच्या आत काय आहे हे ठाऊकच असते. ज्या मुलाने पृष्ठ पूर्वी पाहिलेले नाही त्याच्या हाती ते द्यावे व काही न सांगता शेजारी बसावे. जेथे त्याचे बोट अडखळेल तेथे दुरुस्ती करावी. असे दोन-तीन मुलांकडून झाले, की पृष्ठ वर्गात वापरण्यास योग्य झाले असे समजावे.